‘माझें’ आणि ‘आपलें’

मराठी भाषेंत ‘आपलें’ या शब्दाइतका उदार आणि त्याच वेळीं इतका फसवा शब्द क्वचित्‌च सांपडेल. ‘आपलें घर बरें’ असें म्हणणारा स्वतःच्या घराविषयीं बोलत असतो. पाहुण्यास ‘हें आपलेंच घर समजा’ असें म्हणतांना तो तेंच घर दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. आणि ‘आपला गांव’, ‘आपली नदी’ असें म्हणतांना बोलणारा व ऐकणारा अशा दोघांनाही तो एका मालकींत गोंवतो. ‘माझें’ या शब्दाला ही लवचिकता नाहीं. त्याला कुंपण असतें. एखादी वस्तु ‘माझी’ कोठपर्यंत आणि ‘आपली’ कोठून, हा प्रश्न वर्गांत आम्ही पुष्कळ वर्षें शिकवीत आलों आहों. परंतु तो एके दिवशीं आमच्याच अंगणांत, स्टुलावर ठेवलेल्या एका लॅपटॉपच्या रूपानें आमच्यापुढें उभा राहील, अशी कल्पना मात्र नव्हती.

गेल्या हिवाळ्यांतील एका रविवारची ही गोष्ट. धाराशिव येथील आमच्या घराशेजारीं राहणारा आमचा एक माजी विद्यार्थी आपली मोटारसायकल आमच्या अंगणांत घेऊन आला. त्याच्या दारांत सावली नव्हती आणि आमच्याकडे लिंबाचें झाड आहे, एवढेंच निमित्त. त्यानें गाडीची बैठक काढली, तिच्याखालील एका जोडणींत एक तार बसविली, तारेचें दुसरें टोंक लॅपटॉपला लावलें, आणि बॅटरीला चार्जर जोडला. चार्जर कशासाठीं, असें आम्हीं विचारलें. तो म्हणाला, “सर, नवी माहिती आंत लिहिली जात असतांना बॅटरीचा दाब उतरला, तर लिहिणें अर्ध्यावर थांबतें, मग ही पेटी नुसती पेटीच उरते, आणि गाडी ढकलत न्यावी लागते.” आमच्या शहरांतील विजेचा लौकिक त्याला माहीत असल्यामुळें लॅपटॉप त्यानें आधींच पूर्ण भारून आणला होता. ही दूरदृष्टि पाहून आम्हांस कौतुक वाटलें. तो करीत होता तें योग्य कीं अयोग्य, हा विचार तेव्हां आमच्या मनास शिवलाही नव्हता.

ज्या वाचकांचा या यंत्राशीं परिचय नाहीं त्यांच्यासाठीं थोडें विवेचन करणें अवश्य आहे. इंजिनांत हवा आणि पेट्रोल यांचें मिश्रण जळतें. एक भाग पेट्रोल पुरतें जळावयास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. हें प्रमाण पूर्वीं कारबुरेटर नांवाचें एक साधें भांडें संभाळीत असे. त्याच्या अंगाला एक स्क्रू असे, आणि तो अर्धा फेरा इकडे कीं तिकडे फिरवावा, ही विद्या गल्लींतल्या प्रत्येक मेकॅनिकास अवगत असे. १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज सहा’ ही धुराची कडक मर्यादा देशभर लागू झाली, आणि नव्या मोटारसायकलींतून कारबुरेटर जवळजवळ नाहींसा झाला. त्याच्या जागीं पेट्रोलचा बारीक फवारा सोडणारा इंजेक्टर आला, आणि त्याच्यावर हुकूम चालविणारा एक लहानसा संगणक आला. त्याला ‘ई.सी.यू.’ म्हणतात, मराठींत त्याला इंजिनाचा मेंदू म्हणण्यास हरकत नाहीं. इंजिन किती वेगानें फिरतें, मुठीनें हवेची झडप किती उघडली आहे, हवा किती गरम आहे, धुरांत प्राणवायु किती उरला आहे, या सर्वांच्या वार्ता निरनिराळे सेन्सर या मेंदूस पोंचवितात. आणि तो आपल्याजवळच्या एका कोष्टकांत पाहून फवारा सेकंदाचे किती सहस्रांश चालू ठेवावयाचा हें ठरवितो. त्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर आम्हीं पाहिलें तें हेंच कोष्टक. पाढ्यांच्या तक्त्यासारख्या चौकटी आणि प्रत्येक चौकटींत एक आंकडा! आंकडा बदलला कीं इंजिनाचा स्वभाव बदलतो. स्क्रू फिरवावयाचा नाहीं, हात काळे करावयाचे नाहींत.

आमच्या पिढीला गाडीशीं खेळ करणें नवीन नव्हतें. स्कूटर सुरू होईना तर ती एका अंगावर तिरपी करावयाची, प्लग काढून पत्र्यानें खरवडावयाचा, हे संस्कार मध्यम वर्गांतील प्रत्येक घरांत झालेले आहेत. परंतु त्या काळच्या खेळांत एक गोष्ट होती: केलेलें कृत्य दिसत असे. स्क्रू नको तितका फिरविला कीं काळा धूर निघे, आणि शेजारची आजीबाई नाकाला पदर लावून दोन शब्द सुनावी. आतां कृत्य दिसत नाहीं. पुढील सगळा प्रश्न याच एका फरकांतून उद्भवतो.

बोलतां बोलतां तो विद्यार्थी म्हणाला, “सर, गाडी माझी आहे, तिचे हप्ते मीं फेडले आहेत. मग तिच्या डोक्यांत काय असावें हें ठरविणारा दुसरा कोण?” प्रश्न थट्टेनें विचारला होता, परंतु तो थट्टेवारी नेण्याजोगा नव्हता.

त्याच्या पक्षाचें म्हणणें आम्ही प्रथम मांडतों. कारण तें दुर्बळ नाहीं. ज्या वस्तूचें झांकण उघडण्याचा अधिकार आपणांस नाहीं तिचे आपण मालक कीं भाडेकरू, हा संशय रास्त आहे. शेतकऱ्यानें नांगर विकत घ्यावा, परंतु फाळ लोहाराकडून शेवटवून घेण्यास नांगर विकणाऱ्याची परवानगी लागावी, असें कोणी सांगितलें असतें तर आमच्या वाडवडिलांनीं त्यास वेड्यांत काढलें असतें. जगांत इतरत्रही हा वाद झालेला आहे. अमेरिकेंत १९९८ च्या एका कायद्यानें संगणकीय कुलुपें तोडणें गुन्हा ठरलें होतें. परंतु २०१५ सालीं तेथें गाड्यांच्या व ट्रॅक्टरांच्या मालकांस निदान, दुरुस्ती व कायदेशीर फेरफार यांपुरती त्यांतून सवलत देण्यांत आली. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें २०२२ सालीं ‘दुरुस्तीच्या हक्का’चा विचार करण्यासाठीं समिती नेमली, आणि त्या समितीच्या विचारकक्षेंत मोटारगाड्या व शेतीचीं अवजारें हींही होतीं. तेव्हां या तरुणाची मागणी म्हणजे कांहीं उच्छृंखलपणा नव्हे.

कोणी म्हणेल, कुलूप लोकांच्या हितासाठींच आहे. तें कारखानदाराच्या हातीं असलें म्हणजे हवा सुरक्षित राहते. यावर २०१५ सालचें फोक्सवॅगनचें प्रकरण हें पुरेसें उत्तर आहे. त्या जगद्विख्यात कंपनीनें आपल्या डिझेल गाड्यांच्या मेंदूंत अशी योजना केली होती कीं, प्रयोगशाळेंत परीक्षा चालली आहे हें गाडीनें ओळखावें आणि तेवढ्यापुरतें शुद्ध वागावें. रस्त्यावर आली कीं मर्यादेच्या कित्येक पट, कांहीं वेळां चाळीस पटीपर्यंत, नायट्रोजनचे विषारी वायु सोडावे. अशा गाड्या जगभरांत सुमारें एक कोटि दहा लक्ष होत्या. ही लबाडी उघडकीस येण्यास कारण झालें तें अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनीं खऱ्या रस्त्यावर घेतलेलें मोजमाप. पेटीला कुलूप होतें, किल्ली कारखानदाराकडे होती, आणि पाप कुलुपाच्या आंतच चाललें होतें. म्हणून ‘बंद तें शुद्ध’ हा सिद्धान्त आम्हांस मान्य नाहीं.

शिवाय या तरुणाची एक खरी तक्रार होती. त्याची गाडी २०२० सालची. ती बनली तेव्हां पेट्रोलमध्यें दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल गृहीत धरलेलें होतें. पुढें सरकारनें २०३० सालचें उद्दिष्ट अलीकडे ओढलें आणि २०२५ सालीं पंपावरील पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल मिसळलें जाऊं लागलें. इथेनॉल जाळावयास सुमारें नऊ भागच हवा लागते, त्याची उष्णता आकारमानानें पेट्रोलच्या दोनतृतीयांशच भरते, आणि थंडींत त्याची वाफ लवकर होत नाहीं. अशा दुचाकींचें मायलेज तीन ते चार टक्के घटेल, असें नीति आयोगाच्या २०२१ सालच्या अहवालांतच म्हटलेलें आहे. पहाटे गाडी सुरू होतांना अडखळते, असें या तरुणाचें गाऱ्हाणें होतें. आणि दुरुस्तीकेंद्रांत त्याला ‘यांत कांहीं करतां येत नाहीं’ एवढेंच उत्तर मिळालें होतें. इंधन दुसऱ्यांनीं बदललें, कोष्टक जुनेंच राहिलें, आणि कोष्टकास हात लावावयाची मनाई! यांतील अन्याय आम्हांस स्पष्ट दिसतो.

येथपर्यंत आम्ही त्याच्याच बाजूचे होतों. परंतु कौतुकाच्या भरांत आम्हीं विचारलें कीं, “अरे, तूं नक्की काय काय बदललेंस?” तेव्हां त्यानें प्रामाणिकपणें तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, थंड इंजिन सुरू होतांना पेट्रोल किंचित् वाढविलें. दुसरी, इंजिनाच्या फेऱ्यांवर असलेली वरची मर्यादा आणखी वर नेली. तिसरी, धुरांतील प्राणवायु मोजणाऱ्या सेन्सरचें ऐकणेंच बंद केलें, मिश्रण सर्वत्र जाड केलें, आणि मूठ सोडतांना थोडें पेट्रोल न जळतां सायलेन्सरमध्यें जावें अशी व्यवस्था केली. म्हणजे फटाक्यांसारखे आवाज निघतात. “मित्रांना आवडतात,” असें तो ओशाळवाणें हंसून म्हणाला.

तक्रार एका गोष्टीची, आणि उपाय तीन गोष्टींचे! मनुष्यस्वभावाची ही नेहमींची रीत आहे. न्याय्य गाऱ्हाण्याच्या पाठीवर बसून आपल्या हौशी कुंपणापलीकडे जातात. यांतील विनोद असा कीं, इंजिन तापल्यावर नव्या इंधनाशीं जुळवून घेण्याचें काम तो सेन्सरच करीत होता. धुरांत प्राणवायु अधिक उरला तर पेट्रोल वाढवा, कमी उरला तर घटवा, असा निरोप तो मेंदूस देत असतो. इंधन कोणतें आहे हें त्याला ठाऊक असण्याचीही गरज नसते. तक्रार ज्याच्याविषयीं होती तें दुखणें बरें करणाऱ्या वैद्याचीच या तरुणानें हकालपट्टी केली होती.

आतां दुसरी बाजू. सायलेन्सरच्या आधीं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नांवाचें एक जाळीदार भांडें असतें. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलें इंधन आणि नायट्रोजनचे वायु या तिघांनाही तें निरुपद्रवी करतें; परंतु मिश्रण त्या नेमक्या प्रमाणाच्या अगदीं जवळ असेल तरच. मिश्रण जाड झालें कीं कार्बन मोनॉक्साइड तसाच बाहेर पडतो. आणि न जळलेलें पेट्रोल त्या भांड्यांत जाऊन पेटूं लागलें कीं भांडें अति तापून कायमचें निकामी होतें. म्हणजे गाडी ‘माझी’ असली तरी तिच्या शेपटींतून जें निघतें तें ‘माझें’ राहत नाहीं. तें गल्लींतल्या बाळाच्या फुफ्फुसांत जातें.

आमच्या जिल्ह्यांतील मनुष्यास ही गोष्ट दाखले देऊन पटविण्याची गरज नाहीं. त्याला ती विंधनविहिरीनें शिकविलेली आहे. शेत माझें, सातबारा माझ्या नांवाचा, बोअर माझ्या पैशानें पाडली. परंतु मीं पांचशें फूट खालीं गेलों कीं शेजाऱ्याची बापजाद्यांची विहीर फेब्रुवारींतच तळ दाखविते. भूमीच्या पृष्ठावर बांध असतात, खालच्या पाण्याला बांध नसतो. हवेलाही नसतो. ज्या उसानें त्या विहिरी उपसल्या त्याच उसाचें इथेनॉल या गाडीच्या टाकींत आलें होतें, हा योगायोग ध्यानांत घेतला म्हणजे ‘माझें’ आणि ‘आपलें’ हे शब्द किती गुंतलेले आहेत हें कळतें. जॉन स्टुअर्ट मिल्लनें १८५९ सालीं स्वातंत्र्यावरील आपल्या निबंधांत असें प्रतिपादिलें कीं, व्यक्तीच्या स्वातंत्र्यास समाजानें मर्यादा घालावी ती दुसऱ्यास अपाय होण्यापुरतीच. या कसोटीनें फेऱ्यांची मर्यादा वाढविणें हें, मागें कोणी बसलेलें नसेल व रस्ता मोकळा असेल तर, त्याचें त्याच्यापाशीं. परंतु तुळजापूरच्या घाटांत गाडीच्या मागें बहीण बसलेली असतांना तेंही नव्हे. सेन्सर बंद करणें तर कोणत्याही स्थितींत त्याचें त्याच्यापाशीं राहत नाहीं.

“पण सर, एका गाडीनें असें किती बिघडणार?” हा त्याचा पुढचा प्रश्न. श्रावणी सोमवारच्या कहाणींतील खुलभर दूध वाचकांस आठवत असेल. राजानें महादेवाचा गाभारा दुधानें भरण्याचा हुकूम काढला. लोकांनीं भीतीनें मुलांवासरांच्या तोंडचें दूध नेऊन ओतलें, तरी गाभारा भरला नाहीं. एका म्हातारीनें घरच्यांना, लेंकरांना व वासरांना तृप्त करून उरलेलें खुलभर दूध भक्तीनें वाहिलें, आणि तो भरला. या कहाणीचा आम्हांस दिसणारा अर्थ दुहेरी आहे. एकाचा वांटा लहान म्हणून तो शून्य नव्हे, हा एक. आणि केवळ धाकानें गोळा केलेल्या वांट्यांनीं सार्वजनिक पात्र भरत नाहीं, हा दुसरा. पहिला अर्थ त्या तरुणास उत्तर देतो. दुसरा अर्थ सरकारास व कारखानदारांस.

कारण धाक आहेच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें, उत्पादकानें मुळांत दिलेल्या तपशिलाशीं विसंगत असा फेरफार मालकास मना आहे; आणि २०१९ च्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक फेरफाराबद्दल पांच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितलेली आहे. परंतु कायदा ज्याला पाहूं शकत नाहीं त्याला शिक्षा कशी करणार? दुचाकीची पी.यू.सी. तपासणी गाडी उभी असतांना, इंजिन मंद चालवून होते. मंद चालीच्या चौकटींतील आंकडे या तरुणानें तसेच ठेवले होते. “पी.यू.सी.मध्यें पास होते, सर,” हें त्यानें सहज सांगितलें. परीक्षेच्या वेळीं सज्जन आणि रस्त्यावर स्वैर! जर्मनींतील मोठ्या कारखान्यानें जें एक कोटि गाड्यांत केलें, तेंच आमच्या लिंबाच्या झाडाखालीं एका गाडींत झालेलें होतें.

प्लेटोनें ‘रिपब्लिक’ ग्रंथांत ग्लॉकनच्या तोंडून गायजीझच्या अंगठीची गोष्ट सांगितली आहे. ती अंगठी बोटांत फिरविली कीं मनुष्य अदृश्य होई. अशी अंगठी मिळाल्यावरही जो न्यायानें वागेल तोच खरा न्यायी, बाकीचे केवळ भित्रे, असा त्या गोष्टीचा रोख आहे. आम्ही ती दरवर्षीं वर्गांत सांगतों. त्या दिवशींही आम्हीं ती सांगण्यास आरंभ केला. आणि सांगतां सांगतां आमची जीभ अडखळली.

अडखळण्याचें कारण लपविण्यांत अर्थ नाहीं. आमच्या पडवींत आमची २०१२ सालची स्कूटर उभी होती. तिचें पी.यू.सी. प्रमाणपत्र दोन महिन्यांपूर्वींच नवें झालें होतें. परंतु गाडी कोठेंही गेली नव्हती. ओळखीच्या एका मनुष्यास आम्हीं गाडीचा फोटो पाठविला, पैसे पाठविले, आणि प्रमाणपत्र फोनवर येऊन पडलें. परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासण्याची घाई होती, असें आम्हीं त्या वेळीं मनाशीं म्हटलें होतें. उत्तरपत्रिका न पाहतां गुण देणाऱ्या परीक्षकास आम्ही काय म्हणूं, हा विचार मात्र मनांत आला नव्हता. त्या मुलास हें सर्व ठाऊक होतें. कारण तो फोटो आम्हीं त्याच्याचकडून काढवून घेतला होता! तो कांहीं बोलला नाहीं. त्याच्या न बोलण्यानेंच आम्हांस अधिक लाज वाटली. विचार केल्यावर असें दिसून आलें कीं, त्याचा अपराध आमच्याहून एका परीनें हलकाच होता. त्यानें निदान आपल्या हातानें काम केलें होतें, आणि विचारल्यावर सर्व खरें सांगितलें होतें.

आमच्या शहरापासून कांहीं कोसांवर तेरणेच्या कांठीं तेर हें प्राचीन गांव आहे. गोरोबाकाकांचें तें गांव. नामस्मरणाच्या तंद्रींत चिखल तुडवितांना स्वतःचें लेंकरूं पायांखालीं आलें तरी त्यांस भान नव्हतें, ही कथा घरोघर सांगतात. भक्तीच्या दृष्टीनें तिचा अर्थ वेगळा आहे, आणि त्यास आम्ही हात लावीत नाहीं. परंतु आपल्या अंगणांत, आपल्या मातींत, आपल्या कामांत रंगलेल्या मनुष्याच्या पायांखालीं कोण येतें हें त्याला दिसत नाहीं, एवढी गोष्ट त्या कथेंत आमच्यासारख्या प्रापंचिकांसाठीं आहेच. दुसरी कथा त्यांच्या थापटण्याची. संतमेळ्यांत कोणतें मडकें पक्कें आणि कोणतें कच्चें, हें पाहण्यासाठीं त्यांनीं प्रत्येकाच्या मस्तकावर थापटणें मारलें. नामदेव कुरकुरले, आणि कच्चे ठरले. पण ते रुसून बसले नाहींत, विसोबा खेचरांकडे जाऊन गुरूपदेश घेऊन आले. थापटणें सर्वांच्या डोक्यावर पडलें पाहिजे, आणि कच्चें ठरल्यावर भट्टींत पुन्हां जाण्याची तयारी पाहिजे, असा या कथेचा बोध आम्ही घेतों. त्या रविवारीं थापटणें प्रथम आमच्याच डोक्यावर पडलें.

मग अशा अदृश्य कृत्यांसाठीं कसोटी कोणती? आमच्या मतें ती अशी: जो फेरफार आपण कागदावर लिहून, ज्यांना त्याचा उपसर्ग पोंचेल त्यांच्यापुढें ठेवूं शकूं, आणि त्यांनीं नको म्हटल्यास मागें घेऊं, तोच करावा. केवळ उघडपणा पुरेसा नाहीं. कारण निर्लज्ज मनुष्य वाईट कृत्यही उघड करतो, आणि फटाके वाजविणारा तर तीं ऐकविण्यासाठींच करतो. म्हणून ऐकणाऱ्यास नकार देण्याचा अधिकार हवा. हा अधिकार मान्य केला कीं ‘माझें’ या शब्दाच्या कुंपणास एक फाटक लागतें. उद्यां ही गाडी विकत घेणारा, मागें बसणारी बहीण, गल्लींतला दमेकरी, आणि आर.टी.ओ.चा निरीक्षक, या चौघांपुढें ती यादी वाचून पाहावी. थंड इंजिनाला थोडें पेट्रोल वाढविलें, ही ओळ चौघांपुढें न डगमगतां वाचतां येईल. फेऱ्यांची मर्यादा बहिणीपाशीं अडेल. सेन्सर बंद केल्याची ओळ तर दमेकऱ्याच्या दारांतच घशांत अडकेल.

यावर कोणी आक्षेप घेईल कीं, पहिली ओळ तरी निरीक्षक कोठें मान्य करणार? त्याच्या कायद्यांत तिन्ही ओळी सारख्याच. हा आक्षेप खरा आहे, आणि येथें दोष कायद्याचा आहे असें आम्हांस वाटतें. इंधन बदलण्याचा अधिकार ज्यांनीं वापरला त्यांच्यावर जुन्या गाड्यांचें कोष्टक त्या इंधनास जुळवून देण्याचें कर्तव्य येऊन पडतें. कारखानदारांनीं असें सुधारलेलें कोष्टक अल्प मोबदल्यांत द्यावें. न दिल्यास जाणत्या मेकॅनिकानें केलेला फेरफार तपासून नोंदविण्याची सोय सरकारनें करावी. आणि तपासणी उभ्या गाडीची न करतां चालत्या गाडीचीही करावी. जेथें दरवाजा नसतो तेथें सज्जनही भिंतीवरून उडी मारूं लागतात, आणि एकदां उडीची संवय लागली कीं सज्जन कोण आणि चोर कोण हें ओळखूं येत नाहीं. पण दरवाजा नाहीं म्हणून आंत शिरल्यावर हाताला लागेल तें उचलावें, हा अधिकार त्यांतून निघत नाहीं. कुलपानें कृत्य थांबतें, मनुष्य चांगला होत नाहीं. आणि ज्याला कुलूप उघडतां येतें त्याच्यावरच चांगलें असण्याची जबाबदारी अधिक.

हें सर्व आम्ही त्या मुलास इतक्या व्यवस्थित शब्दांत सांगूं शकलों नाहीं. आम्हीं एवढेंच म्हटलें कीं, “तूं तुझी यादी लिही, मी माझी लिहितों.” त्यानें मूळ कोष्टक पहिल्यानेंच लॅपटॉपमध्यें जपून ठेवलें होतें. अर्ध्या तासांत सेन्सर पुन्हां कामावर आला, फटाके थांबले, फेऱ्यांची मर्यादा पूर्ववत् झाली. थंड इंजिनाची ओळ मात्र त्यानें तशीच ठेवली, आणि तिच्याविषयीं कंपनीस सविस्तर पत्र लिहिलें. उत्तर येईपर्यंत तीही मागें घ्यावी असें आमचें मत. रोज पहाटे पांचाला कामावर निघणाऱ्यास अडखळणारी गाडी चालविण्याचा उपदेश उशिरां उठणाऱ्या प्राध्यापकानें करूं नये, असें त्याचें. या बाबतींत आमचा मतभेद अद्यापि मिटलेला नाहीं, आणि त्याचें म्हणणें सर्वस्वीं चुकीचें आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

दुसरे दिवशीं आम्ही आमची स्कूटर घेऊन दुसऱ्या एका तपासणीकेंद्रावर गेलों. ती नापास झाली. कार्बन मोनॉक्साइड मर्यादेबाहेर होता. म्हणजे आमच्या घरासमोरून शाळेंत जाणाऱ्या मुलांना त्या खोट्या कागदाच्या आडून आम्ही दोन महिने हेंच पाजीत होतों. सायंकाळीं तोच विद्यार्थी एक स्क्रूड्रायव्हर घेऊन आला. त्यानें कारबुरेटर उघडला, जेट स्वच्छ केले, हवेचा स्क्रू पुन्हां जुळविला. पुढच्या खेपेस गाडी पास झाली. यंत्रावरील तो कागद आम्हीं कपाटांत ठेवला आहे, आणि नापास झालेला आधींचा कागदही त्याच्याच जोडीला ठेवला आहे. पुढच्या वर्षीं वर्गांत गायजीझची गोष्ट सांगतांना दोन्ही बरोबर नेण्याचा आमचा विचार आहे.